दशरथचा पाचवा महिना

आमच्या चाळीतल्या पोरी नोकरीला लागल्या त्या कोणी बालवाडीत, कोणी शिवणाच्या कारखान्यात. सुलक्षणाला मात्र नोकरी लागली ती दुसऱ्यांच्या चुका काढायची. चुका काढायला पगार मिळतो हे मला आधी कोणी सांगितलं असतं, तर मी आज बंगल्यात असते!

अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट. ही घाटकोपरहून बस पकडून अंधेरीला एका कॉम्प्युटर कंपनीत जायची. बाकीचे प्रोग्राम लिहायचे, ही तपासायची. कडेला भोकं पाडलेला, नऊवारीपेक्षा लांब कागद, त्यावर मुंग्यांसारखी इंग्रजी अक्षरं, आणि हिच्या हातात लाल पेन. शेवटी खाली हिची सही. सही झाली की प्रोग्राम टेपवर चढवून परदेशी.

बाप सहदेव, गिरणी सुटल्यापासून विक्रोळीला एका गेटावर वॉचमन. धाकटे दोन भाऊ शिकणारे. एका खोलीत पाच माणसं, कागद पसरणार कुठे? म्हणून बाई माझ्याकडे. आमच्याकडे माणसं दोनच, आणि ह्यांच्या टेलिफोन खात्यामुळे अख्ख्या चाळीतला एकुलता एक फोन.

त्या आठवड्यात पोरीचं तोंड एवढंसं झालेलं. मी म्हटलं, "काय गं, कोणी नकार दिला की काय?"

"चंपामावशी, मस्करी नको. मी पुरती अडकलेय."

मग एकेक बाहेर आलं. परदेशातल्या एका हॉस्पिटलचं काम होतं. वॉर्डातल्या कॉम्प्युटरने लॅबच्या कॉम्प्युटरला विचारायचं, अमक्याचा रिपोर्ट दे. विचारणारे एका वेळी पुष्कळ, उत्तरं तयार होतील तशी पुढेमागे येणार. करून बघताना हिने पेशंट म्हणून ओळखीच्यांचीच नावं घातली होती. त्यात एकदा दशरथचा रिपोर्ट मागवला. दशरथ म्हणजे त्यांचा मिशीवाला शिपाई. रिपोर्टात आलं, पाचवा महिना!

ऑफिसात हशा. दशरथकडे पेढे मागून झाले.

"पाचवा महिना होता तरी कोणाचा?" मी विचारलं.

"तुझा," ती कागदात बघत म्हणाली. "तुझंच नाव घातलं होतं मी."

घ्या! चाळिशी उलटल्यावर माझे डोहाळे अंधेरीत चालू होते आणि मलाच पत्ता नाही.

हसण्याचं तेवढंच होतं. नंतर तिने दोनशे वेळा करून बघितलं, दोनशेही वेळा बरोबर. तिचा साहेब विद्याधर म्हणाला, "तूच चुकीचं टाइप केलं असशील. शनिवारी टेप जायची आहे. चूक दाखव, नाहीतर सही कर. दोन्ही जमत नसेल तर सोमवारपासून येऊ नकोस."

"सही करून टाक ना मग," मी म्हटलं.

"आणि तिकडे कोणा बाईला दुसरीच्या रिपोर्टावर औषध दिलं तर?"



गुरुवारी संध्याकाळी तिने माझ्या खोलीभर कागद अंथरला. दारापासून ओट्यापर्यंत कागदच. मी ओट्यापाशी कोंडलेली, ती भिंतीशी कोंडलेली. पानन् पान तोंडपाठ झालं होतं तिचं, तरी बोट त्याच त्याच ओळींवरून फिरत होतं.

इतक्यात फोन आला. मी पायाच्या बोटांवर नाचत पोहोचले. मुलुंडच्या स्थळाकडून, वरच्या मजल्यावरच्या शुभासाठी. दोन दिवसांपूर्वी पोरगा बघून गेला होता, तिचं उत्तर हवं होतं. मी गॅलरीतून हाक मारली. शुभाचे हात कणकेत. मुलुंडवाले कंटाळले, फोन कट. मी रिसीव्हर ठेवते न ठेवते तोच पुन्हा घंटी. ह्या वेळी चेंबूरचा मिस्त्री, तळमजल्यावरच्या धोंडिरामसाठी. धोंडिरामने तिकडे पागडीने खोली घेतली होती. "मोरीची भिंत पाडू का, तेवढं विचारून सांगा." मी रिसीव्हर बाजूला ठेवला आणि धोंडिरामला हाक मारायला गॅलरीत गेले. तोवर शुभा धापा टाकत आत आली, रिसीव्हर उचलला, "माझा होकार आहे," म्हणाली आणि लाजून पळाली. धोंडिराम आला तेव्हा फोन बंद. मला वाटलं, मिस्त्री कंटाळला; शुभा नक्की कोणाशी बोलली, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी धोंडिराम चेंबूरहून आला तो लालबुंद होऊन. "मावशे, माझी भिंत कोणी पाडायला सांगितली? मालकाची परवानगी यायचीय! मिस्त्री म्हणतो, घरातल्या बाईने होकार दिला. माझी बायको गावाला आहे!"

वाट लागली! मी तोंडाला पदर लावला. भिंतीशी बसलेली सुलक्षणा मात्र ताडकन उठली.

"मावशी, मुलुंडचा फोन कट झाल्यावर तू शुभाला सांगितलंस, येऊ नको म्हणून?"

"कशाला? ती जिन्यात असेल तोवर."

"आणि तोच रिसीव्हर दुसऱ्यासाठी मांडून ठेवलास. तिने कोण आहे विचारलंच नाही, उत्तर देऊन मोकळी!"

ती कागदावर पालथीच पडली. धोंडिरामला वाटलं, पोरगी गेली कामातून.

झालं होतं ते असं. प्रत्येक प्रश्नाला कॉम्प्युटर एक नंबर द्यायचा. दहा सेकंदांत उत्तर नाही आलं की वाट बघणं सोडायचा आणि तोच नंबर लगेच दुसऱ्या प्रश्नाला. पहिल्याचं उत्तर वाटेतच असायचं. ते उशिरा यायचं आणि नंबर बघून दुसऱ्याच्या गळ्यात पडायचं. नाव कोणी तपासतच नव्हतं. त्या दिवशी लॅबच्या कॉम्प्युटरवर मोठी छपाई चालू होती, म्हणून माझं उत्तर रेंगाळलं आणि दशरथला लागलं. एरवी उत्तर सेकंदात यायचं, मग चूक दिसणार कशी?

शनिवारी तिने लॅबच्या कॉम्प्युटरला मुद्दाम बारा सेकंद थांबायला लावलं. आधी माझा रिपोर्ट मागवला. दहा सेकंद झाले, स्क्रीन कोरा. लगेच विद्याधरसाहेबांचा मागवला. साहेब मागेच उभे, हाताची घडी घालून.

साहेबांना पाचवा महिना.

"कोणी हसलं का गं?" मी विचारलं.

"फक्त दशरथ."

टेप गेली नाही, सही झाली नाही, नोकरी राहिली. शुभाचा खरा होकार मुलुंडला पोहोचला. धोंडिराम माझ्याशी बोलत नाही.

पण रविवारी सकाळी दार उघडते तर ही दारात, आणि हनुवटीपर्यंत कागदांचे गठ्ठे.

"हे काय आता?"

"साहेब म्हणाले, नंबर द्यायचा हाच मसाला अजून अकरा प्रोग्रामांत आहे. जिने शोधलं तिनेच तपासायचं." तिने दारापासून कागद अंथरायला घेतला. "मावशी, चहा आत्ताच करून घे. नंतर तुला ओट्याकडे जाता येणार नाही."

तेवढ्यात फोन वाजला. मी एक पाय उचलला आणि तसाच धरून उभी राहिले. ठेवायला जमीनच नव्हती.

"आधी नाव विचार," ती मान वर न करता म्हणाली.

"अगं, पण पोहोचू कशी?"

तिने तोवर पहिल्या पानावर लाल पेन टेकवलं होतं.