शेवटची पंगत

आज सुनेनं पातेल्याच्या तळाची घट्ट आमटी वाढली आणि त्या वासानं मी थेट सांगलीच्या खानावळीत जाऊन बसलो.

महायुद्धाचे दिवस होते. मी कॉलेजात नवा होतो. घरून येणाऱ्या पैशांत दोन वेळचं जेवण बसेना. खानावळवाल्या काकूंना म्हणालो, "आवं काकू, एकच येळ लावा. उपाशी ऱ्हाईन, पर शिक्षान सोडणार न्हाई."

त्यांनी मला निरखलं. "मग शेवटच्या पंगतीला यायचं."

कमी पैसे देणारा म्हणून मागं बसवलं, असं वाटून मी चिडलो.

माझ्यामागं जेवणारं कुणी नसायचं. उरलेला भात, तळाची आमटी, सगळं काकू माझ्या पानात वाढायच्या. मी मात्र डिग्री मिळेपर्यंत रागानंच जेवलो.