आधी पान घ्या

जोयडा तालुक्यातल्या गुंद गावच्या तुकारामाने उभ्या आयुष्यात कुणाला पान न देता विरोध केला नव्हता. त्यांच्या घराण्याची रीतच तशी. बैठकीत कुणाचं बोलणं पटलं नाही, तर आधी त्याच्यापुढे पान-सुपारी करायची. त्याने ती तोंडात टाकली की मग काय ते बोलायचं. तोंड भरलेला माणूस मध्येच ओरडत नाही, एवढाच त्यातला हिशेब.

यंदा रानडुकरांनी त्याचा कंदाचा मळा उकरायला घेतला. उरलेला वाचवायचा कसा, हे विचारायला तो कंदवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये शिरला. फोनला रेंज फक्त टेकाडावरच्या खडकावर, म्हणून रोज तिथं चढून बसायचा.

रामनगरच्या रुक्मिणीबाईंनी लिहिलं, "मळ्याभोवती जुन्या साड्या बांधा." खानापूरच्या नागराजने लिहिलं, "साड्यांना डुक्कर भितंय व्हय? वाजणारे रिकामे डबे बांधा." मग दोघांची अशी जुंपली की डुकरं राहिली बाजूला आणि एकमेकांची अक्कल निघाली.

तुकारामाने दोघांना पानाचा फोटो पाठवला. "आधी पान घ्या. घेतलं म्हणून कळवा. मग बोलू."

ग्रुप सांभाळणाऱ्या मनीषाताईंचा लगेच दम आला. "इथे जाहिरात चालणार नाही. पुन्हा टाकलीत तर काढून टाकीन."

 तुकारामाने कशीबशी रीत समजावून लिहिली आणि घर गाठलं. बायको तुळजा म्हणाली, "अवो, फोटू कोण चावणार?"

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा खडकावर चढला. नागराजचा निरोप होता, "घेतलं. चुना जास्त झालाय." रुक्मिणीबाईंचा, "माझ्यात कातच न्हाई." त्याखाली दोघांनी मिळून ठरवलं होतं, साड्यांनाच डबे बांधा.

तुकारामाने तसंच केलं. चार दिवस डुक्कर फिरकलं नाही. मग नागराजने सहज लिहिलं, "जोयड्याचा कंद घशात खवखवतो बघा."

तुकाराम पेटला. सणसणीत उत्तर लिहून तयार ठेवलं, पण रीत ती रीत. आधी पान पाठवलं आणि वाट बघत बसला. नागराज काही घेईना.

दिवस मावळतीला खालून खडखडाट ऐकू आला, पाठोपाठ तुळजेची बोंब.

"अवो, डुक्कर माझी हिरवी साडी डब्यांसकट घेऊन पळालं! या की खाली!"

"कसा येऊ?" तुकाराम खडकावरून ओरडला. "त्यानं अजून पान घेतलं न्हाई!"

"कुणी, डुकरानं?"