दोन ओळींचं काम

कचेरीत त्यांना सगळे 'सेमीकोलन' म्हणत. पाणीपुरवठा खात्याच्या संगणक विभागात एकतीस वर्षं काढली. कुणाचा प्रोग्राम अडला की हे खुर्ची ओढून बसत आणि ओळीच्या शेवटी राहून गेलेलं ते अर्धविरामाचं चिमुकलं चिन्ह बोटाने दाखवत. आता निवृत्त. बायकोला जाऊन दीड वर्ष झालं, आणि चुका दाखवायला घरात दुसरं कुणी उरलं नाही.

लेक दूरच्या शहरात, तीही संगणकातलीच. तिने सांगितलं, "बाबा, आईच्या फोटोंच्या नावाआधी साल घालून द्या, म्हणजे ओळीने लागतील." फोटो सहाशे चाळीस. फोटोंना बायकोने दिलेली नावं ऐसपैस: 'तळ्याकाठी रुसलेले हे', 'पहिली सायकल पण पडली नाही'.

असलं काम शेल स्क्रिप्टचं. संगणकाला दोन ओळींची चिठ्ठी लिहायची, तो निमूट करून मोकळा. सेमीकोलन बसले सी ही जुनी, काटेकोर संगणक-भाषा घेऊन! सीमध्ये नाव किती लांब, ठेवायचं कुठे, सगळं आधी फोडून सांगा, मग कंपाइल करा, म्हणजे यंत्राच्या भाषेत उतरवा, मग चुका निस्तरा.

रोज संध्याकाळी सहाला लेकीचा फोन.

"झालं का?"

"नाव लांबलं की कोसळतंय."

"अहो बाबा, दोन ओळींचं काम! सी कशाला मधे?"

"शेल माणसावर फार विश्वास टाकतं. सी नीट विचारून घेतं."

"आठ दिवस विचारतच बसलंय!"

दोघंही हसत. खरं सांगायचं तर अडलं काहीच नव्हतं. पूर्वी फोन फक्त रविवारी यायचा, तोही 'जेवलात का'वर संपायचा. काम संपलं की पुन्हा रविवारच, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

नवव्या दिवशी तिने वैतागून स्क्रिप्टच पाठवली. "चालवा आणि सुटा एकदाचे." चालवली. दोन सेकंदांत सगळे फोटो रांगेत उभे.

दुसऱ्या दिवशी सहा वाजले, साडेसहा वाजले. समोरचा चहा निवून त्यावर साय धरली. तिसऱ्या दिवशी त्यांनीच फोन लावला.

"थोडे फोटो राहिलेत. नावांत मोकळ्या जागा आहेत ना, एका नावाची दोन होतात. तिथे अडकली तुझी स्क्रिप्ट."



"बाबा, मी नावाला अवतरणचिन्हं घातली होती, मग मोकळ्या जागा असल्या तरी नाव एकच राहतं. अडकायचं कारणच नाही. तुम्हीच शिकवलंय मला ते."

चुका दाखवणारं बोट टेबलाची कड घासत राहिलं.

"असं करा," ती म्हणाली, "तुम्ही सीमध्येच लिहा. रोज कुठे अडलं ते सांगा मला. सहाला करते फोन."

"बरं."

त्यांनी नवी फाइल उघडली, वीस ओळी लिहिल्या. सातव्या ओळीच्या शेवटचं चिन्ह मात्र मुद्दाम घातलं नाही. उद्या सांगायला काहीतरी अडलेलं हवं होतं.