बाळंतिणीचे चाळीस लाडू

दुरून डोंगर साजरे ही म्हण ज्याने केली, त्याने त्यात तळ्याचाही उल्लेख करायला हवा होता. आमच्या लॉजचे फोटो बघून लोक मला लिहितात, "काय भाग्य तुमचं, रोज सकाळी उठून हे दृश्य बघता!" रोज सकाळी उठून मी बघते ती बैठकीच्या शेगडीतली कालची राख, दारात काढून ठेवलेले चिखलाचे बूट आणि नळाला पाणी आहे की नाही ते. तळं खिडकीबाहेर असतं. ते कुठे जात नाही, म्हणून बघायचं राहून जातं.

ही हौस माझी नव्हे, आमच्या ह्यांची. अठ्ठावीस वर्षं साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलात ह्यांनी लोकांना भूल दिली आणि निवृत्त होता होता शेवटची मला दिली. मी त्याच हॉस्पिटलात पॅथॉलॉजी लॅबमध्ये होते. निवृत्तीनंतर मुलीच्या जवळ, कार्डिफला, दोन खोल्यांचा फ्लॅट घ्यायचा असं आमचं ठरलं होतं. म्हणजे मला तसं वाटत होतं. एका सुट्टीत आम्ही स्कॉटलंडच्या उत्तरेला आलो, ह्यांना हे दगडी, लाकडी छपराचं, एके काळी मासेमारीला येणाऱ्या साहेबांसाठी बांधलेलं घर विकाऊ दिसलं, आणि परतीच्या वाटेवर मोटरवेभर हे फक्त त्याच्याबद्दल बोलत होते. मी "बघू" म्हटलं. हे बघून मोकळे झाले.

त्याला आता पाच वर्षं होऊन गेली. इथे ऋतू चार असतात असं म्हणतात. हिवाळ्यात साडेतीनला अंधार पडतो आणि पाण्याचे पाइप गोठतात. वसंतात मे महिन्यापर्यंत नुसता चिखल. उन्हाळ्यात सूर्य मावळायचं नाव घेत नाही आणि डोळ्यांना न दिसणारी चिलटं अशी चावतात की पाहुणे पडद्याआडून तळं बघतात आणि त्याबद्दल माझ्याकडे तक्रार करतात. शरद ऋतू सगळ्यात देखणा. त्या ऋतूत सगळी पानं ओढ्यात पडतात.

ओढ्याचं सांगायला हवं, कारण इथे नळाला कौन्सिलचं पाणी येत नाही. लॉजच्या मागे वीस मिनिटं चढून गेलं की ओढ्यात एक जाळी बसवलेली आहे. तिथून पाइपाने पाणी टाकीत येतं, टाकीतून फिल्टरमध्ये आणि तिथून नळाला. जाळीवर पानं साचली की सहाच्या सहा न्हाणीघरं कोरडी. मग कुणीतरी वर जाऊन, ओढ्याच्या काठावर पालथं पडून, कोपरापर्यंत हात बर्फगार पाण्यात घालून पानं उपसायची. ह्यांची पाठ वाकत नाही. त्यामुळे कुणीतरी म्हणजे मी.

आम्ही इथे आलो त्या पहिल्याच हिवाळ्यात आमची लेक बाळंत झाली. बाळंतपण आईने करायचं असतं. माझं माझ्या आईने केलं होतं. त्यासाठी ती जन्मात पहिल्यांदा विमानात बसली आणि विमानतळावरच्या माणसाला डिंक आणि खारकेची पूड म्हणजे काय हे मराठीतून समजावून सांगत बाहेर आली. चाळीस दिवस तिने मला चूल दाखवली नाही. रोज सकाळी एक डिंकाचा लाडू आणि कपभर दूध, ते संपेपर्यंत समोर बसून राहायची. आणि मी? आमच्या लेकीला कळा सुरू झाल्या तेव्हा इथे रस्ता बर्फाने बंद होता आणि न्हाणीघरातला पाइप फुटला होता. मी कार्डिफला पोचले ती बाराव्या दिवशी, बारशाला, एखाद्या लांबच्या मावशीसारखी झबलं घेऊन. लेकीने मालिश, आंघोळ, धुरी सगळं व्हिडिओ बघून केलं होतं. ती काही बोलली नाही. तिने बोलायला हवं होतं. पुढच्या वेळी मी महिनाभर आधी येईन, असं मी तिला त्या दिवशी सांगितलं.

म्हणून गेल्या वर्षी तिचा दुसऱ्या वेळचा फोन आला, तेव्हा मी पहिलं काम काय केलं असेल, तर स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल पेनाने रेघ मारली. तारीख ऑक्टोबरच्या अखेरची होती. महिनाभर आधी जमणार नव्हतं, पण महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून लॉज बंद, असं ह्यांना सांगितलं. हे मान हलवून "अगदी" म्हणाले.

सप्टेंबरमध्ये मला कळलं की त्याच दुसऱ्या आठवड्यात डोंगर चढणाऱ्यांचा एक क्लब येतोय. बारा माणसं, सहाही खोल्या. ह्यांनी जुलैमध्येच हो म्हणून टाकलं होतं आणि मला सांगायचा धीर गोळा करत होते.

"अगं, रेग्युलर्स आहेत ते," हे म्हणाले. "एव्हरी ऑटम येतात. त्यांना नाही कसं म्हणायचं?"

"अहो, तोंडाने म्हणायचं! एवढ्या मोठमोठ्या सर्जनना सांगत होतात ना तुम्ही, धिस पेशंट इज नॉट फिट, आज ऑपरेशन होणार नाही म्हणून?"

"ते डिफरंट होतं. तिथे रिस्क असायची."

मी हात टेकले. लेकीला फोन केला, तर ती उलट माझीच समजूत घालायला लागली. "आई, रिलॅक्स. ड्यू डेट एंड ऑफ द मंथ आहे. सिक्स डेजनी काय होतंय? तुझे गेस्ट्स आहेत ना." ती अगदी सहज बोलली. त्या "तुझे गेस्ट्स"मुळे माझा दिवसभर कशावर तरी राग होता आणि तो मी पलंगपोसांवर काढला.

सहा दिवसच तर, असं मीही म्हटलं. हे इथे कबूल केलेलं बरं, कारण पुढचं सगळं सांगताना ह्यांच्याकडे बोट दाखवण्याचा मोह मला होणार आहे.

क्लब यायच्या आधी मी लाडू केले. लंडनला पिनरमध्ये राहणाऱ्या मैत्रिणीने डिंक, खारीक, खसखस आणि कोल्हापुरी गुळाची ढेप असं पार्सल पाठवलं होतं. डिंक तुपात तळला की टपोरा फुलतो, ते बघताना मला पाच वर्षांत पहिल्यांदा या स्वयंपाकघरात बरं वाटलं. दोन दुपारी खपून मोजून चाळीस लाडू वळले. दिवसाला एक. बिस्किटांच्या मोठ्या डब्यात भरले, झाकणावर कागद चिकटवला, त्यावर मराठीत "हात लावू नये" असं ठळक लिहिलं आणि डबा फडताळात सगळ्यात वर ठेवला.

क्लबचा पाचवा दिवस. रात्रभर वारा आणि पाऊस होता. दुपारी नळ गळायचा थांबला, म्हणजे जाळी भरली. मी रबरी बूट चढवून वर गेले. एरवी अर्ध्या तासाचं काम, पण त्या दिवशी एक फांदीच येऊन अडकली होती. अडीच तास मी त्या ओढ्याशी झगडत होते आणि ह्यांना, क्लबला, तळ्याला आणि साहेबांच्या मासेमारीला मराठीत शिव्या घालत होते. वर मोबाइलला सिग्नल नसतो, आणि ऐकायलाही कुणी नसतं.

भिजून खाली आले, तर बैठकीत शेगडी पेटलेली, बारा जण मोजे वाळत घालून बसलेले, आणि मध्ये आमचे हे, हातात डबा घेऊन.

"होममेड एनर्जी बॉल्स," हे सांगत होते. "व्हेरी ट्रॅडिशनल."

मी डब्यात डोकावले. पाच लाडू होते.

चष्मेवाल्या एका बाईंनी मला अगदी प्रेमाने विचारलं की याची रेसिपी मिळेल का. मी दिली. हा पदार्थ बाळंतिणीसाठी असतो, दूध चांगलं यावं आणि कंबर भरून यावी म्हणून, रोज एक, चाळीस दिवस, आणि माझ्या मुलीला या महिन्यात बाळ होणार आहे, असं इंग्रजीत सावकाश सांगितलं. शेगडीजवळच्या दाढीवाल्या गृहस्थांनी हातातल्या अर्ध्या लाडवाकडे पाहिलं आणि तो बशीत हळूच ठेवून दिला.

"अगं, आय हॅड नथिंग फॉर टी," हे म्हणाले. "आणि मला काय माहीत? डब्यावर काही..."

"लिहिलंय."

ह्यांनी झाकण उलटून वाचलं. "मला वाटलं जुन्या डब्यावरचं आहे."

पस्तीस लाडू! मी त्यावर काय बोलले असते ते बोलायचं राहून गेलं, कारण तेवढ्यात लॉजचा फोन वाजला. जावई होता. तो कार्डिफचाच, शांत स्वभावाचा मुलगा, पण त्या दिवशी भरभर बोलत होता. दुपारीच तिचं पाणी गेलं, आम्ही हॉस्पिटलात आहोत, तुमच्या मोबाइलवर आठ वेळा फोन केला. दोन आठवडे आधी. आणि त्या आठही वेळांना मी बारा अनोळखी माणसांच्या आंघोळीसाठी पानं उपसत होते.

त्या दिवसाची शेवटची गाडी निघून गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी हे मला स्टेशनवर सोडायला आले. मी ह्यांना जाळीचा नकाशा काढून दिला होता, नाश्त्याचं लिहून दिलं होतं. फलाटावर बॅग चढवताना हे म्हणाले, "चुकलंच माझं. नाही म्हणायला पाहिजे होतं." मला म्हणायचं होतं की मलाही म्हणायला पाहिजे होतं. तुमचा क्लब, तुमचं तुम्ही बघा, नळ कोरडे पडले तर पडू देत, मी चालले, एवढं एक वाक्य. पण जाळी फक्त मलाच साफ करता येते याचा मला आतून केवढा तोरा होता! तो तोरा मी ह्यांना काही सांगितला नाही. गाडी सुटली.

स्कॉटलंडमधलंच पर्थ येता येता सिग्नल मिळाला आणि जावयाचा मेसेज दिसला. पहाटे मुलगा झाला, दोघं छान आहेत, दुपारपर्यंत घरी सोडतील. समोरच्या सीटवरच्या माणसाने विचारलं, आर यू ऑल राइट? मी रडत होते. आनंद होता, नाही असं नाही. पण त्यातला निम्मा तरी संताप होता. एकदा बर्फ होतं. या वेळी बर्फसुद्धा नव्हतं.

तीन गाड्या बदलून संध्याकाळी कार्डिफला पोचले. जावयाने दार उघडलं, बोटाने गप्प अशी खूण केली. आई आणि बाळ दोघंही नुकतीच झोपली होती. त्याच्या मागून चार वर्षांची नात आली. गेल्या उन्हाळ्यात ती पंधरा दिवस आमच्याकडे लॉजवर होती, आणि मला पाहुण्यांचे पलंग आवरण्यातून वेळ मिळत नव्हता म्हणून दिवसभर माझ्या मागे मागे फिरत होती.

तिने माझा हात धरला आणि वरच्या लहान खोलीत नेलं. पलंगावर टॉवेल घडी घालून ठेवले होते, लॉजमध्ये मी ठेवते तस्से, मोठ्यावर लहान आणि त्यावर साबणाची वडी.

"हे तुझी खोली आहे, आजी," ती म्हणाली. "ब्रेकफास्ट किती वाजता पाहिजे?"

मी पलंगावर बसले. पाच वर्षं हा प्रश्न मी दारात उभी राहून येणाऱ्या प्रत्येकाला विचारलाय. तिने तो अगदी माझ्यासारखा, मान थोडी तिरकी करून विचारला होता.

"आजी गेस्ट नाही गं," मी म्हटलं.

तिने जरा विचार केला. "मग तू किती दिवस?"

"चाळीस."

"फॉर्टी?" तिने दोन्ही हातांची बोटं माझ्यापुढे धरली आणि मोजली. "टेन. आता तुझा बोटं दे." मी दिली. ओढ्याच्या पाण्याने ती अजून फाटलेलीच होती. तिने एकेक धरून मोजलं. "ट्वेन्टी. अजून पाहिजे?"

"अजून वीस."

"मग मम्मीचा," ती म्हणाली, "आणि बेबीचा."

कोटाच्या खिशात फोन थरथरायला लागला. आमचे हेच असणार, जाळीबद्दल विचारायला. मी कोट काढून दारामागे अडकवला, पाच लाडवांचा डबा घेतला आणि तिच्या मागोमाग गेले.

लेक जागीच होती. "आलीस?" एवढंच म्हणाली आणि सरकून मला जागा करून दिली. मी काही बोलायच्या आत नातीने तिचा हात ओढून बोटं मोजायला घेतली. ट्वेन्टी-वन, ट्वेन्टी-टू, करत तीसपर्यंत आली. पुढची दहा बाळाची होती, पण बाळाच्या दोन्ही मुठी घट्ट मिटलेल्या होत्या. त्या उघडेपर्यंत आम्ही तिथेच बसून राहिलो.