फाट्यावर ठेवलेलं प्रस्थान

शिरपूर फाट्यावर माझं तिकिटांचं दुकान आहे. रेल्वे, बस, विमान, जे लागेल ते काढून देते. गिऱ्हाईक समोर बसलं की मी आधी एकच विचारते, तारीख पक्की आहे का? नसेल तर उद्या या. लोक मला तोंडाळ म्हणतात. म्हणोत. दिवसभर लोकांची निघायची घाई आणि न निघायची कारणं ऐकत बसलं की कुणाचंही तोंड असंच होईल.

झुंबरशेठपुढं मात्र या तोंडाचं काही चाललं नाही.

झुंबरशेठ म्हणजे बाजारपेठेतले बारदानवाले. गव्हाला, मिरचीला, भुईमुगाला पोती लागली की अर्धा तालुका त्यांच्या ओट्यावर. त्यांचे आजोबा राजस्थानातून आले. घरात अजून मारवाडी चालते, पण शेतकरी आला की शेठजी अहिराणीत शिरतात. "काय नथ्थूभाऊ, बठ्ठं बरं शे ना?" म्हणत जुनं पोतं उजेडात धरतात, भोकं बघतात आणि बाजूला टाकतात. घेतलेलं पोतं आवडलं नाही तर गिऱ्हाईक आठवड्यानंही परत आणून देतं आणि शेठजी कुरकुर न करता ठेवून घेतात. बोलणं जेवढ्यास तेवढं. हो म्हणायचं असलं तरी "बघू", नाही म्हणायचं असलं तरी "बघू". कोणतं बघू कुठलं हे ओळखायला त्यांच्याकडं वीस वर्षं पोती घ्यावी लागतात.

त्यांना एकुलता एक मुलगा, अर्पित. चार वर्षांपूर्वी दुकानातच छातीत कळ आली आणि धुळ्याला नेईपर्यंत संपलं. त्याची बायको रुची, माहेर चाळीसगावचं. मूलबाळ नाही. ती इथल्या ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. अर्पित गेल्यावर ती माहेरी गेली नाही. सकाळी कॉलेज, संध्याकाळी दुकानात सासऱ्यांना मदत, मग घरी सासूबाई जतनबाईंच्या गुडघ्याला तेल. गावातले लोक कौतुकानं म्हणायचे, झुंबरशेठनी सुनेला लेकीसारखं ठेवलंय. हे ऐकलं की माझं डोकं फिरायचं. ठेवलंय म्हणजे काय? ती काय कपाट आहे? तिला काय हवंय हे एका माणसानं विचारलं असेल तर शपथ.

तिला काय हवं होतं ते यंदा कळलं. टांझानियात, दार-ए-सलाममध्ये एका भारतीय शाळेत केमिस्ट्रीच्या शिक्षिकेची जागा होती. रुचीनं घरात कुणाला न सांगता अर्ज केला, फोनवर मुलाखत दिली आणि निवड झाल्यावर एका संध्याकाळी जेवताना सांगून टाकलं. जतनबाईंनी ताट सरकवलं. "आफ्रिकेत? एकटी? इथं काय कमी आहे?" झुंबरशेठ म्हणाले, "बघू."

हे बघू मला नाहीचं वाटलं. आणि शेठजी स्वतःच रुचीला घेऊन तिकीट बघायला आले तेव्हा तर माझी खात्रीच पटली. म्हटलं, आता हे एकेक विमान नापास करत बसणार.

झालंही तसंच. इंदूर आम्हाला मुंबईपेक्षा जवळ, म्हणून मी आधी इंदूरहून आखातात आणि तिथून पुढं जाणारं विमान दाखवलं. मंगळवारचं होतं. थांबा थोडा, दोन बॅगा नेता येतात.

"इंदूर म्हणजे उत्तर," शेठजी म्हणाले. "मंगळवारी उत्तरेला दिशाशूल."

ठरावीक वारी ठरावीक दिशेला घरातून निघायचं नाही, त्याला दिशाशूल म्हणतात. आमच्याकडंही जुनी माणसं मानतात, पण मारवाड्यांच्या घरात ते तोंडपाठ असतं.

"बरं, गुरुवारी मुंबईहून आहे."

"धुळ्याकडं निघालं की दक्षिण. गुरुवारी दक्षिण नाही."

"शुक्रवार?"

"पुढं समुद्र ओलांडायचा म्हणजे पश्चिम. शुक्रवारी पश्चिम नाही. रविवारीही नाही."

"आणि शेठजी, विमान मध्येच वळलं तर?" मी चिडूनच विचारलं.

त्यांनी खरोखर विचार केला. "उडताना तोंड कुठं करतं?"

"वारा असेल तिकडं."

"मग ते आपल्या हातात नाही. आपल्या हातात घरातून निघणं."

रुची खाली मान घालून हसत होती. मला हसू येत नव्हतं. शाळेनं तिला सोमवारी हजर व्हायला सांगितलं होतं, नाहीतर जागा दुसऱ्याला जाणार. शेवटी शनिवारचं एक सापडलं. मुंबईहून अदिस अबाबा, तिथं लांबलचक थांबा, मग दार-ए-सलाम. शनिवारी फक्त पूर्व वर्ज्य. शेठजींनी मान हलवली.

रुची म्हणाली, "रोहिणीताई, तारीख बदलता येईल, वेळ आली तर रद्द करता येईल असं काढा."

"तसं नको," शेठजी म्हणाले. "जे परत होत नाही ते काढा."

आठवड्यानं पोतं परत घेणारा हा माणूस, आणि सुनेच्या तिकिटाला परतीची सोय नको. थोडे पैसे वाचतात म्हणून असणार, असं मी मनातल्या मनात म्हटलं. मनात जे म्हटलं ते चेहऱ्यावर दिसलंच असेल, माझं काही लपत नाही.

निघायचा आठवडा आला आणि सोमवारी विमान कंपनीचा निरोप आला. शनिवारचं उड्डाण रद्द. हवं तर शुक्रवारी जा, नाहीतर सगळे पैसे परत. मी शेठजींच्या दुकानात फोन केला. शुक्रवार म्हणजे पश्चिमेचा दिशाशूल. मी धरूनच चालले की संपलं आता. इतके दिवस बिचारी कपडे शिवून घेत होती, इंग्रजीतून धडे काढत होती, सगळं फुकट.

मंगळवारी सकाळी दुकान उघडलं तर शेठजी पायरीवर बसलेले. हातात बारदानाच्या तुकड्यात शिवलेली वहीएवढी पुडी.

"शुक्रवारचं चालेल," ते म्हणाले. "ती आजच निघाली."

मला वाटलं म्हातारा भ्रमला. मग त्यांनी सांगितलं. निघायच्या दिवशी दिशा चांगली नसेल तर आधीच्या चांगल्या दिवशी प्रवाशाच्या सामानातलं काहीतरी, सोबत सुपारी आणि हळकुंड, असं बांधून वाटेवरच्या दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. त्याला प्रस्थान ठेवणं म्हणतात. ते ठेवलं की माणूस त्या दिवशीच निघाला असं धरतात. प्रत्यक्ष जाताना ते उचलून पुढं जायचं. घरात ते परत न्यायचं नाही, आणि त्यांच्याकडं घरात त्याविषयी बोलतही नाहीत. मुंबईला जाताना माझं दुकान वाटेवर, म्हणून माझ्याकडं. मी पुडी प्रिंटरशेजारी फळीवर ठेवली आणि कामाला लागले. कुणाचा विश्वास असतो, आपण कशाला तोडा?

गुरुवारी दुपारी रुची आली. चेहरा उतरलेला, केस विस्कटलेले. खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "ताई, रद्द करा."

"काय झालं?"

"पासपोर्ट सापडत नाही. सकाळपासून घर उलथंपालथं केलं. कपाटात होता. मम्मी देवाची शपथ घेतात की हात लावला नाही. मी त्यांना नको ते बोलले. त्याही बोलल्या. आता त्या पापड लाटत बसल्यात, माझ्याचसाठी, आणि रडतायत." तिनं केस मागं सारले. "जाऊ दे. मी गेले तर या दोघांकडं कोण बघणार? कुणालाच मी जायला नकोय. पैसे परत मिळतायत ना? करा रद्द."

मला वाईट वाटलं, आणि रागही आला. जतनबाईंचा आला, शेठजींचा आला, हिचाही आला. इतकं करून शेवटी जाऊ दे? पण गिऱ्हाईक म्हणतंय म्हटल्यावर मी तिकीट पडद्यावर काढलं. पैसे शेठजींच्या खात्यातून गेले होते, म्हणून त्यांना फोन लावला. म्हटलं, तुमची सून तिकीट रद्द करायला बसलीय. शेठजींनी फोन ठेवून दिला आणि थोड्याच वेळात रिक्षातून उतरले. धाप लागलेली.

मी सोडलं नाही. "शेठजी, दिशा बघत बसलात, आणि तिकडं घरात पासपोर्ट सापडेना."

"घरात कसा सापडेल?" ते म्हणाले. "तो मंगळवारीच निघालाय."

मी फळीकडं बघितलं. रुचीनंही बघितलं. ती बारदानाची पुडी प्रिंटरशेजारी तशीच पडली होती. अहो, रुमाल ठेवतात, धोतर ठेवतात, पासपोर्ट कुणी ठेवतं का?

"जे अडवू शकतं तेच पुढं पाठवायचं," शेठजी म्हणाले.

"बाबूजी, मला सांगायचं तरी," रुची म्हणाली. "मी मम्मीवर आळ घेतला. मम्मी लपवतील म्हणून इथं ठेवलात ना?"

शेठजी उभेच होते. मी खुर्ची सरकवली तरी बसले नाहीत.

"ती कशाला लपवेल? ती तोंडावर भांडते," ते म्हणाले. "कपाटाची एक किल्ली माझ्याकडं असते. सोमवारी निरोप आला, पैसे परत मिळतात म्हणून कळलं, आणि मीच तो काढला. दुकानात नेला. पोत्यांच्या थप्पीखाली ठेवला. सकाळपर्यंत होता तिथं. पुन्हा ठेवला असता मी. म्हणून इथं आणला."

रुची रडली. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. मी पडद्यावरचं तिकीट बंद केलं. रुचीनं पुडीकडं हात केला तेव्हा शेठजी म्हणाले, "आत्ता नाही. उद्या जाताना." रात्रीतून माझं दुकान फुटलं तर काय, हे त्यांनी मला विचारलं नाही. मी शटरला दोन कुलपं लावली.

शुक्रवारी सकाळी गाडी फाट्यावर थांबली. पुढच्या सीटवर मठरीचा डबा मांडीवर घेऊन जतनबाई बसलेल्या. त्या मुंबईपर्यंत जाणार होत्या. विमानात बसली हे कळल्याशिवाय माघारी येणार नाही म्हणाल्या. सासू-सून एकमेकींना बॅगेवरून ओरडत होत्या, म्हणजे मिटलं होतं. झुंबरशेठ मागून रिक्षानं आले. दुकान बंद ठेवता येत नाही म्हणून ते जाणार नव्हते. दुकान तर बंदच होतं.

रुचीनं पुडी घेतली. पोत्याची शिवण एका बाजूनं ओढली की सरसर सुटत जाते, दुसऱ्या बाजूनं कितीही ओढा, हलत नाही. तिनं बरोबर टोक शोधलं आणि एका ओढीत पुडी मोकळी केली. सुपारी, हळकुंड, पासपोर्ट. ते पर्समध्ये टाकलं, सासऱ्यांच्या पाया पडली आणि गाडीत बसली. शेठजी "जा" म्हणाले. बघू म्हणाले नाहीत.

गाडी धुळ्याच्या रस्त्याला लागली. शेठजींनी बारदानाचा तुकडा झटकला, घडी केली आणि खिशात घातला. मला वाटलं आता जातील. ते दुकानात आले आणि या वेळी मात्र खुर्चीवर बसले.

"रोहिणीताई," ते म्हणाले, "तिकडून येताना पूर्व लागते ना? सोमवार आणि शनिवार सोडून दिवाळीतलं बघा."

गाडी अजून सोनगीरलाही पोचली नसेल. मी कॉम्प्युटर चालू केला आणि आयुष्यात पहिल्यांदा तारीख पक्की आहे का, हे विचारलं नाही.