घे न बाप्पा

वर्धा स्टेशनवर गाडी हलली, तरी आई खिडकीच्या गजांतून बेसनाचे लाडू आत सरकवतच होती. "घे न बाप्पा, एकच तं आहे!" आमच्याकडे एकच म्हणजे किमान तीन. पहिल्या आग्रहाला कोणी हात पुढे करत नाही, त्यामुळे वाढणारीचा आवाज चढत जातो.

पुण्यात आग्रह करणारं कोणी नव्हतं. ती कसर मी बिबवेवाडीतल्या बेकऱ्यांत भरून काढली. ऑफिसला कॅब, ऑफिसात खुर्ची, घरी ऑनलाइन बिर्याणी. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे इकडे आलेत, त्यांनी आपापल्या पोटाकडे बघून घ्यावं. कसबा पेठेतल्या डॉक्टरांनी माझा रिपोर्ट पाहून विचारलं, "आपण चालता का?"

म्हटलं, कॅब असते.

"मग कॅबची तब्येत उत्तम असेल."

मला इन्सुलिन रेझिस्टन्स निघाला. त्यांनी समजावलं, इन्सुलिन पेशींना साखर घ्या म्हणतं, पेशी नीट ऐकत नाहीत, म्हणून स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं. बरीच वर्षं निभतं. पुढे त्याला झेपेनासं झालं की रक्तातली साखर चढते, तो डायबेटिस. मला हसू फुटलं. अहो, ही तर आमच्या घरची पंगत! स्वादुपिंड म्हणजे आई, आणि ढिम्म पेशी म्हणजे मी.

आईला फोनवर सांगितलं, शुगर अजून नाही झाली. "नाही झाली न? मंग लाडू पाठवतो!"

शेवटी मी तिला पंगतीचं उदाहरण देऊन सगळं समजावलं. तिने ते फारच मनावर घेतलं. दिवाळीत घरी गेलो, तर तिने एकदाच वाढलं आणि डब्याचं झाकण लावलं. तब्येतीसाठी हेच हवं होतं, तरी मला फार वाईट वाटलं. आपल्याच घरी परका झाल्यासारखं.

"आई, एकदा म्हण ना."

"काय म्हणू?"

"तेच."

तिने एक लाडू मोडला, अर्धा स्वतःच्या तोंडात टाकला आणि हळूच म्हणाली, "घे न बाप्पा." मी पहिल्याच शब्दाला हात पुढे केला.

आता रोज चालतो. नवा रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, पेशींना जरा ऐकू येऊ लागलंय. मलाही येतंय. पूर्वी आईने चार फोनांत "कधी येतं?" विचारलं, की मी सुट्टी टाकायचो. परवा तिने एकदाच विचारलं. तिकीट काढलंय.