पडद्यामागून दिलेली परीक्षा

रोहण्याच्या, म्हणजे आमच्या गावच्या नाटकात मी कधी राजा झालो नाही की प्रधान झालो नाही. मी प्रॉम्प्टर होतो. शेतीच्या कामातून पाठांतराला सवड कोणाला? नट तोंडाला रंग फासून उभे राहायचे आणि अख्खं नाटक मी विंगेतून बोलायचो. राजाची डरकाळी आधी माझ्या तोंडून निघायची, मग राजाच्या. पुढच्या रांगेला प्रत्येक संवाद दोनदा ऐकायला मिळे. या कलेचा मला भारी अभिमान होता. तो गेल्या उन्हाळ्यात आता राहतो त्या पिपरी मेघेच्या दोन खोल्यांत धुळीला मिळाला.

बायकोला आर्वी रोडवरच्या एका गावातल्या केंद्रात मुलींना शिवणकाम शिकवायचं काम मिळत होतं. बसची वेळ काही जमेना. केंद्रातल्या मॅडमनी सांगितलं, "स्कूटीनं या, लर्निंगवरही चालेल. पण लायसन्स सोमवारपर्यंत दाखवा, नाहीतर मला दुसरी बाई बघावी लागेल."

पूर्वी लर्निंगसाठी आरटीओत जावं लागे. माझ्या वेळी शेजारच्याने मला उत्तरं सांगितली, मी मागच्याला सांगितली आणि सगळे आनंदाने पास झालो. आता नियम बदलला. परीक्षा घरूनच देता येते. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यासमोर एकटं बसायचं. मान वळली किंवा दुसरं कोणी दिसलं की पेपर बंद. हा नियम मी गल्लीभर दवंडी पिटावी तसा सांगितला होता.

बायकोने रोडवरच्या खुणा पोळ्या लाटता लाटता पाठ केल्या होत्या. "मले येते सगळं," ती म्हणाली. "तुम्ही फक्त बाहेर जा."

"जातो ना!" म्हणालो, आणि दोन खोल्यांमधल्या पडद्यामागे जाऊन उभा राहिलो. नियमात दिसायचं नाही असं होतं. प्रॉम्प्टर कधी दिसतो का?

परीक्षा छान चालली होती. मग प्रश्न आला : मागून रुग्णवाहिका येत असेल तर काय कराल? बायको जराशी थांबली. आमचा राजा संवाद विसरला की अगदी तेवढाच थांबायचा. माझं तोंड आपोआप सुटलं.

"बाजूले घे! बाजूले घे!"

मंडपाच्या शेवटच्या माणसापर्यंत पोचायची सवय झालेला आवाज तो! ती दचकून वळली. तेवढ्यात कूलरच्या वाऱ्याने पडदा उडाला आणि तिच्या खांद्यामागे स्क्रीनवर माझी अर्धी मिशी अवतरली. पेपर बंद.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मले येत होतं," ती म्हणाली.

"अवं, तू थांबली म्हणून..."

"मी वाचून राह्यली होती." मग लॅपटॉप मिटत म्हणाली, "दवाखान्यात डॉक्टर मले विचारते कुठं दुखते, तर सांगता तुम्ही. मले कुठं दुखते, तुमाले काय माहीत?"

 

दुपारपर्यंत गल्लीत बातमी पसरली. भाजीची पिशवी घेऊन निघालो तर शेजारच्या काकू ओट्यावरून ओरडल्या, "भाऊ, बाजूले घ्या!" आणि पोटभर हसल्या. ते मी सोसलं. गल्लीतल्या एकेकाच्या नकला करून मीही कमी हसवलेलं नाही. सोसवलं नाही ते दुसरंच. संध्याकाळी बायको आतल्या खोलीतून मॅडमशी फोनवर बोलत होती.

"नाही हो मॅडम, माझ्याच हातून चुकलं. दोन दिवस द्या, मी पुन्हा देते."

मी हे ऐकलं त्याच पडद्यामागे उभं राहून. पडदा बाजूला करून आत जावं, फोन घ्यावा आणि खरं काय ते सांगावं, असं वाटलं. मग लक्षात आलं, म्हणजे तिथेही मीच बोलणार.

दुसऱ्या खेपेला मी काकूंच्या ओट्यावर जाऊन बसलो, उन्हात. परीक्षा संपली आणि बायकोने आमचं दार उघडलं. काकूंनी विचारलं, "काय झालं व बाई?" तिचा चेहरा बघूनच मला उत्तर कळलं होतं, जिभेवर आलंही होतं. गिळलं. ती आधी पाणी प्याली, मग तिने ग्लास धुतला, पालथा घातला. मग म्हणाली, "पास."

आता लर्निंगचा नियम असा की मागे लायसन्सवाला बसलेला हवा. आमच्या घरात तसा माणूस एकच. त्यामुळे सोमवारी सकाळी ती पुढे आणि मी मागे, मांडीवर कापडाच्या नमुन्यांची पिशवी. आर्वी रोडला पहिला गतिरोधक दिसला तसा 'हळू' मधला 'ह' माझ्या दातांपर्यंत आला. तिने आधीच वेग कमी केला होता.

केंद्राच्या दारात मॅडम उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडेच बघून विचारलं, "काय हो, परीक्षा फार कठीण होती का?"

मी बायकोकडे बघितलं.

"परीक्षा सोपी होती मॅडम," ती स्कूटी स्टँडवर लावत म्हणाली. "घरात आवाज फार होता."

मी काढायला घेतलेलं हेल्मेट पुन्हा नीट बसवलं आणि काच खाली ओढली.